बातम्यांपुरतं कुंकू

आई, परवा एका वाहिनीवाल्यांनी मला बोलावलं होतं. जुन्या काळी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बायकांवर काहीतरी कार्यक्रम करताहेत म्हणे. अंधेरीला त्यांचा स्टुडिओ आहे, इतका गार की मी शाल काढलीच नाही. मेकअप करणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिने माझ्या सुरकुत्यांवर बराच वेळ काहीबाही थापलं आणि मग डबी उघडून विचारलं, "मॅम, टिकली कुठली लावू?" मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "लावा ना, छान दिसेल, आता सगळ्याच लावतात." मी पुन्हा नको म्हटलं, जरा जास्तच तुसडेपणाने. पोरीने डबी ठेवून दिली. नंतर मी तिला चहा पाजला, पण एवढी का तडकले ते काही तिला सांगता आलं नाही. ते सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तुमच्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मला मनात येईल ते लिहिता येतंय.

सून म्हणून मी तुम्हाला पहिल्यापासून फारशी पसंत नव्हते, हे आपण दोघीही जाणून होतो. मी नवऱ्याला चारचौघांत अरे-तुरे करायची, आणि "माझ्या झिलाक नावान हाक मारता" हे तुम्ही गावाला जाऊन घरोघर सांगून आला होतात. मला बांगडे साफ करता यायचे नाहीत. दिवसा शाळेत शिकवायचं आणि महिन्यातल्या काही संध्याकाळी टीव्हीवर बातम्या वाचायच्या, हे असलं आयुष्य तुमच्या ओळखीत कुणा सुनेचं नव्हतं. खरं तर ते तुमच्या मुलाच्याच डोक्यातलं खूळ. त्यानेच मला आवाजाच्या चाचणीला ढकललं होतं. लोकांना वाटायचं, ही टीव्हीवर दिसते म्हणजे काय थाट असेल. थाट कसला डोंबलाचा! साडी आपली, इस्त्री आपली, ब्लाउजचा हूक तुटला तर पिनही आपली. टेबलाच्या वर रेशमी पदर आणि खाली बोरिवलीच्या फुटपाथवर घेतलेल्या चपला. दिव्यांच्या त्या धगीत घाम दिसू द्यायचा नाही, कागद वाजू द्यायचा नाही, वाचता वाचता कुणी बाजूने नवी चिठ्ठी सरकवली तर भुवई हलवायची नाही. सगळं थेट, चुकलं तर चुकलं. दुसऱ्या दिवशी शाळेतली कार्टी सांगायला हजर, बाई काल अडखळल्या.

तुमचं आपलं एकच पालुपद, "लोकांका जगाच्यो बातम्यो सांगतंस, आणि घरात मीठ संपलां ता तुका म्हायत नाय." पण बातम्यांची माझी पाळी असली की सगळ्यांच्या आधी खुर्ची पुढे ओढून बसायचात तुम्हीच. तुमचा मुलगा नेमका त्याच वेळी दाढीला बसलेला. मग पडद्यावर मी आले की तुम्ही हाक द्यायचात, "ये रे, तुझी बायल इली," आणि तो अर्ध्या गालावर फेस घेऊन धावत यायचा. मी नमस्कार म्हटलं की तुम्ही दोन्ही हात जोडायचात. घरात सणावाराला वाकून नमस्कार केला तर "बरां बरां" एवढंच, आणि टीव्हीतल्या नमस्काराला मात्र हात जोडून उत्तर. हे सगळं मला तोच सांगायचा. बातम्या वाचून मी परत आले की स्टेशनवर स्कूटर घेऊन उभा असायचा आणि घरी पोचेपर्यंत तुमची नक्कल करायचा. मी आधी जिना चढायची, तो स्कूटर लावून मागून किल्ली वाजवत यायचा. तुम्ही दार उघडायचात ते माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत. मला त्याचा राग यायचा, आता काय लपवू.

घरात रंगीत टीव्ही आला तो दिवस मला आठवतो. मी बातम्या वाचून घरी आले तर तुम्ही दारातच म्हणालात, "कुंकू लाल दिसता आता." तोवर ते नुसता काळा ठिपका होतं. तुमच्या स्वतःच्या कपाळावर फक्त हिरवं गोंदण. सासरे गिरणीत होते, मुलगा रांगत होता तेव्हाच गेले, एवढंच मला ठाऊक. बाकी तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण माझ्या कपाळावरचं ते लाल बघून तुम्ही कौतुकाने बोललात, आणि माझं कौतुक तुम्ही फार क्वचित करायचात, म्हणून ते लक्षात राहिलं.

मग त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग डॉक्टर, मग हॉस्पिटल, आणि तिथून तो आला तो तसाच. चाळिशीही गाठली नव्हती. त्याला घेऊन माणसं खाली उतरली आणि वर बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. कुणाचा तरी हात माझ्या कपाळाकडे आला. तुम्ही कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होतात, त्या उठलात. "हिका कोणी हात लावूचो नाय. मी करतंय काय ता." मग तुम्ही पदराचं टोक पाण्यात बुडवलंत आणि माझं कपाळ पुसलंत, जेवून उठलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं, हळूच. बांगड्याही तुम्ही फोडू दिल्या नाहीत, एकेक करून उतरवल्यात. मी तेव्हा तुमचा द्वेष केला. वाटलं, ही बाई माझ्याकडून हेसुद्धा स्वतःच्या हाताने काढून घेतेय. तुमच्या मनगटावर काच लागल्याची एक जुनी खूण होती, रोज भाकरी थापताना दिसायची. ती कशाची हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं लागली.

त्यानंतर टीव्हीवर चादर पडली ती बरेच महिने. मी शाळेत जायची, यायची. तुम्ही आणि मी एका घरात राहत होतो आणि आपल्यातलं बोलणं म्हणजे दूध, रेशन आणि पोरगी. ती तेव्हा पहिलीत होती. पुढे टीव्ही केंद्रावरून विचारणा झाली, परत येताय का. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "तेका आवडायचां. जा." मी गेले. मेकअपवाले दादा जुने, माझ्या तोंडावर त्यांचा हात बसलेला. कसं आहात, मुलगी काय म्हणते, असं बोलत बोलत त्यांनी रोजच्या सवयीने माझ्या कपाळावर टिकली दाबली. आणि मग त्यांचा हात तिथेच थांबला. आरशात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात आत चला म्हणून हाक आली. बातम्या काही कुणासाठी थांबत नाहीत. मी तशीच जाऊन बसले आणि वाचल्या. संपल्यावर टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवली, तोंड धुतलं आणि घरी आले. चादर काढली असेल, तुम्ही बघितलं असेल, आता काय तो तमाशा होणार असं धरूनच चालले होते. तुम्ही मात्र आमटी गरम केलीत, वाढलीत, मी जेवले.

रात्री पोरगी कुशीत शिरून म्हणाली, "आई, तू टीव्हीवर आलीस ना, तेव्हा आजीने बाबांना हाक मारली."

मी म्हटलं, "कशी?"

"ये रे, तुझी बायल इली. तशी."

"मग?"

"मग काही नाही. मग तू बातम्या सांगितल्यास."

आई, मला त्या रात्री तुमची भीती वाटली. वाटलं, गेली म्हातारी डोक्यातून. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्यावर लक्ष ठेवलं. पण तुम्ही तर अगदी ठिकाणावर. भाजीवाल्याशी तीच हुज्जत, दर अमावस्येला त्याच्या नावाने कावळ्याला वाढणं तेच. माझी पाळी नसेल त्या संध्याकाळी मी तुमच्या शेजारी बसून बघितलं. दुसरीच कुणी बाई वाचायला आली, तुम्ही तिच्याही नमस्काराला हात जोडलेत, आणि हाक काही दिली नाहीत. माझ्या पाळीला मात्र न चुकता. समोरच्या काकूंनीही ऐकली होती, गॅलरीतून. त्या मला म्हणाल्या, "काही बोलू नकोस गं. तेवढ्यापुरतीच असते." तेवढ्यापुरतीच, म्हणजे बातम्या संपेपर्यंत. पुन्हा एकदा मी नमस्कार म्हणून दिसेनाशी झाले की तुम्ही उठून भाताला लागायचात.

मग मी टिकली मुद्दाम लावायला लागले. दादा दरवेळी नजरेने विचारायचे, मी मान हलवायची, आणि निघताना काढून आरशावर ठेवायची. हे मी आनंदाने करत होते असं समजू नका. मला चीड यायची. घरात माझं कपाळ उघडं, गळा उघडा, शेजारणीकडे हळदीकुंकू असलं की तुम्हीच मला सांगणार, "आपण नाय जावचां." आणि टीव्हीत मी तुमच्या मुलाची सवाष्ण बायको. एकाच बाईचं एकाच संध्याकाळी दोन्ही. पण तेवढी काही मिनिटं तुमचा मुलगा आतल्या खोलीत दाढी करतोय, ती तुमच्याकडून काढून कशी घ्यायची? पुसायचा हात मला तुमच्यासारखा जमला नसता.

पुढे केंद्रावर पत्रं आली. विधवा बाई कुंकू लावून बातम्या देते, समाजापुढे काय आदर्श, वगैरे. आपल्या ओळखीतलंच कुणीतरी असणार, नाहीतर बाहेरच्यांना काय माहीत. साहेबांनी बोलावून घेतलं, बिचारे फार अवघडले होते. म्हणाले, "बाई, विषय वैयक्तिक आहे. पण नसती लावली तर नाही का चालणार?" मी विचारलं, "वाचण्यात काही चूक झाली का?" ते म्हणाले, "छे छे." मी म्हटलं, "मग कपाळ माझं आहे." आणि त्याच आठवड्यात माझ्याबरोबर वाचणारी एक मैत्रीण, महिला मंडळांत भाषणं करणारी, मला झापायला लागली. "तू शिकलेली बाई, यार. कुणासाठी लावतेस? तशीच बस ना, बघू दे लोकांना. वाट लागू दे त्यांची." तिचं पटत होतं, तुम्हाला सांगते. मला तशीच बसायची फार इच्छा होती. कुणासाठी लावतेस या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तिला दिलं नाही. तिला ते कळलं असतं, पण मग ती तुमची कीव करत बसली असती, ते मला नको होतं.

ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. पोरीला ताप होता. मी सकाळपासून तुमच्या जिवावर तिला टाकून शाळेत आणि तिथून केंद्रावर. बातम्या संपल्या तशी तोंडही न धुता सुटले. बोरिवलीला उतरून रिक्षा केली. जिना चढून बेल दाबली, तुम्ही दार उघडलंत, आणि तुमचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं ताप उतरला. तुम्ही म्हणालात, "इलंस?" आणि माझ्या खांद्यावरून वाकून खाली जिन्यात बघितलंत. "आणि तो खंय रवलो?"

आई, मी विचार केला नाही. मला टिकलीची आठवणही नव्हती. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "स्कूटर लावतोय. येतोय."

"बरां," तुम्ही म्हणालात, "भाकऱ्यो टाकतंय मगे," आणि आत गेलात. मी दारातच उभी. मग न्हाणीघरात पाय धुवायला गेले आणि आरशात बघितलं. लालभडक, हीऽ मोठी. मी काढली. कपाळ साबण लावून धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. बाहेर आले तर तुम्ही दोन ताटं मांडली होतीत आणि भाकरी तव्यावर होती. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. माझ्या कपाळाकडे. बघत राहिलात, भाकरी जळायला लागली. मग तुम्ही स्टोव्ह बंद केलात आणि तिथेच खाली बसलात.

"पुसलंस?"

"आई, चुकून राहिली होती. मी..."

"बरां केलंस." तुम्ही पदराने तोंड पुसलंत. "मी काय पिशी नाय गो. तो नाय ता माका म्हायत आसा. माका नाय म्हायत तर कोणाक म्हायत? पण तुझ्या कपाळार कुंकू दिसला की वाटता, आसा. आतल्या खोलीत आसा. तेवढोच येळ."

मी तुमच्याजवळ बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, इतकी जवळ. मी म्हटलं, "उद्यापासून लावत नाही."

"नको गो. टीव्हीत लाव." तुम्ही माझा हात धरलात, पिठाच्या हाताने. "टीव्हीत तुझ्या पाठी जिनो नसता. घराक येताना लावून येव नको. दारात नको."

मग तुम्ही एक ताट उचलून फळीवर ठेवलंत. त्या दिवशी दुसऱ्या ताटात आपण दोघी जेवलो, जळकी भाकरी आणि सोलकढी. पोरीचा ताप पहाटे उतरला.

त्यानंतर तुम्ही होतात तोवर मी लावत राहिले, आणि दारात कधीच लावून आले नाही. जिना चढायच्या आधी कपाळावरून हात फिरवून बघायची, राहिली तर नाही ना. तुम्ही हाक देत राहिलात. शेवटी शेवटी तुम्हाला पडदा नीट दिसायचा नाही, तर पोरीला विचारायचात, "लावलाहा?" आणि ती हो म्हणाली की मग हाक. तुम्ही गेलात तेही सकाळी, चहा पिऊन, कुणाला त्रास न देता. मी घरातच होते. तुमचा हात माझ्या हातात होता आणि मला रडू आलं नाही. माणसं बोलवायची होती, गावाला तार करायची होती, पोरीला सांभाळायचं होतं. बायका आपसात म्हणत होत्या, सून आहे ना, मुलगी थोडीच.

दिवसकार्य झाल्यावर माझी पाळी आली. दादांनी डबी उघडली, मी नको म्हटलं. त्यांनी डबी मिटली. मी तशीच जाऊन बसले, उघड्या कपाळाने, आणि बातम्या वाचल्या. त्यात धीटपणा वगैरे काही नव्हता. हाक देणारं आता कुणी नव्हतं, एवढंच.

आणि मग पोस्टकार्डं यायला लागली, आई. साताऱ्याहून, नाशकाहून, मुलुंडहून, कुठल्या कुठल्या गावांहून. ओळख ना देख अशा बायकांची, म्हाताऱ्या माणसांची, शाळेतल्या मुलींची. काल बातम्यांत आपलं कपाळ पाहून काळजात चर्र झालं. आपल्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या यजमानांच्या आत्म्यास शांती लाभो. एका आजींनी तर नातवाकडून लिहवून घेतलं होतं, मुली, जेवत जा, अन्नावर राग काढू नको. त्या सगळ्यांच्या लेखी माझा नवरा त्याच आठवड्यात वारला होता. केंद्रातली माणसं म्हणाली, खुलासा करू का काही? मी नको म्हटलं. मी ती सगळी कार्डं घरी आणली आणि आपल्या स्वयंपाकघरात, तुम्ही बसायचात तिथे बसून वाचली. त्यांचं काय चुकलं होतं? तुम्ही त्याला इतकी वर्षं आतल्या खोलीत ठेवलं होतंत. तुम्ही गेलात तेव्हा तो गेला. मी त्या दिवशी जे रडायला लागले, ते पोरगी घाबरून काकूंना घेऊन आली तरी थांबेना. तो गेला तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. त्याला नावाने हाका मारून रडले, तुम्हाला आवडायच्या नाहीत तशा.

हे कागद काही पोस्टात टाकायचे नाहीत, घडी करून ठेवीन आणि मी गेल्यावर पोरगी रद्दीत देईल. पण एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. काकू त्या दिवशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, रड बाई, सासूसाठी इतकं कोण रडतं हल्ली. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. सगळ्या बिल्डिंगमध्ये माझं नाव झालं, सासूवर केवढी माया. तुमच्यासाठी म्हणून वेगळं असं मी रडलेच नाही, आई.